दौलताबादचा प्रश्न, दिल्लीचं उत्तर

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता दौलताबादला किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीतून, दिल्ली दरवाज्याच्या कमानीखालून जातो. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी निघालेली माणसं, घृष्णेश्वराच्या दर्शनाच्या गाड्या, लेणी बघायला आलेल्या शाळांच्या सहली आणि कन्नडकडची रोजची वाहतूक एकाच वेळी त्या कमानीशी येऊन ठेपली की कोंडी होते. ही कोंडी कुणाच्या कारभारात येते? दरवाजा केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाचा भाग. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे संस्कृती मंत्रालयाकडे. रस्ता जुना सोलापूर-धुळे महामार्ग. त्याचं रुंदीकरण आणि पर्यायी रस्ता हे विषय केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय आणि राज्याचं सार्वजनिक बांधकाम खातं यांच्यात विभागलेले. चौकात उभा राहणारा पोलीस राज्याच्या गृहखात्याचा. कडेची दुकानं महसूल आणि ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत. पर्यटक वाढावेत म्हणून आखलेल्या योजना पर्यटन खात्याच्या.

म्हणजे एका कमानीविषयी लोकसभेत प्रश्न विचारायचा तर त्याचे आधी तुकडे करावे लागतात. मुख्यतः राज्य सरकारच्या अधिकारातला विषय लोकसभेच्या प्रश्नाला चालत नाही, तेव्हा पोलीस आणि दुकानं गळतात. उरलेल्या दोन-तीन खात्यांचे मंत्री वेगवेगळ्या वारी उत्तर देतात. प्रत्येक जण आपल्यापुरतं खरं उत्तर देऊ शकतो आणि तरीही कमानीखालची गाडी हलत नाही. परराष्ट्र धोरणापासून रेल्वेपर्यंत मंत्र्यांच्या संसदीय उत्तरांचा आढावा घेताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रश्न विचारण्याची प्रथा आपल्याकडे जिवंत आहे, खासदार भरपूर विचारतात. उत्तर आल्यानंतरच्या महिन्यांत मात्र त्या उत्तराला कुणी वाली उरत नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. लोकसभेत बैठकीचा पहिला तास, अकरा ते बारा, प्रश्नांचा. राज्यसभेने २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून हा तास बारा वाजता नेला. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी, पटलावर ठेवलेलं. किमान पंधरा पूर्ण दिवसांची पूर्वसूचना लागते, प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो आणि कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरतं. मंत्रालयांचे पाच गट पाडून त्यांना वार दिलेले असतात. लोकसभेत परराष्ट्र खात्याचा वार शुक्रवार. एका तासात वीसपैकी पाच-सहा प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी धरली जातात. वीसही तारांकित प्रश्न पुकारले जाऊन तास पूर्ण झाला असं २७ नोव्हेंबर २०१९ रोजी घडलं, आणि तसं त्याआधी घडलं होतं १९७२ साली.

मंत्र्याच्या हातातल्या फाइलमागे एक लांब साखळी असते. दौलताबादविषयी प्रश्न लागला की संस्कृती मंत्रालयाचा संसदीय कक्ष पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुख्यालयाला विचारतो, मुख्यालय संभाजीनगरच्या मंडळ कार्यालयाला. मधले दिवस थोडे असतात. साहजिकच मागच्या अधिवेशनातलं उत्तर आधी काढलं जातं आणि त्यातले आकडे बदलले जातात. उत्तरांची वाक्यं वर्षानुवर्षं तीच का दिसतात याचं कारण इथे आहे. पुरवणी प्रश्नाचं मोल म्हणूनच फार मोठं. लेखी उत्तर कार्यालय लिहितं, पुरवणीला मात्र मंत्र्याला स्वतः उभं राहावं लागतं, आणि विषय त्याने वाचलाय की नाही हे दोन मिनिटांत सभागृहाला कळतं.

हा पुरवणीचा हक्क सहज मिळालेला नाही. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने कायदे मंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उत्तरावर चर्चा नाही, उलट प्रश्न नाही. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबई कायदे मंडळात निवडून गेले आणि गोपाळ कृष्ण गोखले १८९९ साली, तेव्हा त्यांच्या हाती हे असं अर्धं हत्यार होतं. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्नाची परवानगी दिली. १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. मूळ प्रश्नापासून पुरवणीपर्यंत येण्यात एक पिढी गेली.

ही झाली ब्रिटिश इलाख्यातली गोष्ट. दौलताबाद निजामाच्या राज्यात होतं. पुण्यातला सभासद सरकारला दुष्काळाबद्दल आणि प्लेगबद्दल प्रश्न विचारत होता तेव्हा, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, या भागातल्या शेतकऱ्याने निवडून दिलेला माणूस कुठल्याच सभागृहात नव्हता. १९४८ साली हैदराबादचा विषय दिल्लीत गाजला, निजामाने तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेला, लंडनच्या पार्लमेंटात विरोधी नेते चर्चिल यांनी तो काढला. मराठवाड्यावर तीन ठिकाणी बोललं गेलं आणि मराठवाड्याला स्वतः बोलायला जागा नव्हती. प्रौढ मतदानाने निवडलेले प्रतिनिधी १९५२ साली पहिल्यांदा गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५७ साली औरंगाबादचे खासदार झाले, १९७७ साली समाजवादी बापू काळदाते, १९८० साली उर्दू कवी काझी सलीम. प्रश्न विचारण्याची सवय या भागाला साठ वर्षं उशिरा लागली, हे मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा करताना आपण सहसा मोजत नाही. मोजायला हवं, असं माझं मत आहे.

परराष्ट्र आणि संरक्षण या विषयांत मंत्र्याने किती सांगावं, हा या सगळ्या आढाव्यातला सर्वात कठीण भाग. तिथे मराठी वाचकाला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. यशवंतराव चव्हाण १९६२ ते १९७७ या काळात संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र या चारही खात्यांचे मंत्री होते. देशांतर्गत आणि परदेशविषयक, दोन्ही बाजूंचे प्रश्न इतक्या वरच्या जागेवरून झेललेला दुसरा मराठी मंत्री नाही.

चव्हाण दिल्लीला गेले ती वेळ आठवावी. ऑगस्ट १९५९ मध्ये लोकसभेत विचारणा झाल्यावर पंडित नेहरूंनी अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचं सभागृहाला सांगितलं, आणि सप्टेंबरमध्ये चीनबरोबरच्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका आली. सरकारला ही गोष्ट आधीपासून माहीत होती. देशाला ती कळली संसदेत विचारल्यावर. तीन वर्षांनी युद्ध झालं, नोव्हेंबर १९६२ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि चव्हाण त्यांच्या जागी आले. नेफामधल्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत निवेदन केलं. अहवाल प्रसिद्ध करणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण चौकशीत काय निघालं त्याचा सारांश दिला: डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण पुरेसं नव्हतं, शस्त्रसामग्रीत उणिवा होत्या, हुकूम देण्याच्या साखळीत दोष होते. ज्या सैन्याची बांधणी त्यांना करायची होती त्याच सैन्याच्या उणिवा त्यांनी सभागृहासमोर ठेवल्या. सगळं सांगितलं नाही, पण जे सांगितलं त्यात पराभव झाकला नाही.

पुढच्या काळाची तुलना यासाठीच करावी लागते. त्याच अहवालाबद्दल २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला लेखी उत्तर दिलं की त्यातला मजकूर अत्यंत संवेदनशील असून आजही लष्करी दृष्ट्या उपयोगाचा आहे, म्हणून तो खुला करता येत नाही. युद्धाला तेव्हा ४८ वर्षं होऊन गेली होती. पराभवानंतर दहा महिन्यांत, सीमेवर धोका कायम असताना, चव्हाण जेवढं बोलले तेवढंही अर्धशतकानंतर बोललं गेलं नाही. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा काही भाग इंटरनेटवर टाकला आणि सभागृहाला न मिळालेली पानं कुणालाही वाचता आली. गुप्तता लागते, हे मान्य. पण तिची मुदत संसदेने ठरवली पाहिजे; कार्यालयाच्या सवयीवर ती सोडता येणार नाही.

चव्हाणांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही इथे सांगितली पाहिजे. ते १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री होते आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. जुलैच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. १९६२ ला निदान शत्रू सीमेवर होता. १९७५ ला विरोधी पक्षाचे खासदार तुरुंगात होते आणि बाहेर असलेल्यांना प्रश्न विचारायची मुभा नव्हती. चव्हाण त्या मंत्रिमंडळात राहिले. १९६३ च्या निवेदनाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे, म्हणूनच हे नोंदवतो.

अलीकडच्या काळात परराष्ट्र खात्याची लेखी उत्तरं बरीचशी तक्त्यांची असतात: कुठल्या देशाच्या तुरुंगात किती भारतीय, कुठे किती विद्यार्थी. सीमेबद्दल विचारलं तर एक ठरलेलं वाक्य येतं, की देशाच्या सुरक्षेशी संबंधित सर्व घडामोडींवर सरकारचं सतत लक्ष असतं आणि आवश्यक ती पावलं उचलली जातात. या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. पण जिथे एखाद्या माणसाचा जीव अडकलेला असतो तिथे मंत्र्याची भाषा बदलते. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने १० एप्रिल २०१७ रोजी फाशी सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी सुषमा स्वराज यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केलं. पक्ष बाजूला ठेवून सभागृह एका बाजूला उभं राहिलं. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नागपूरचे हरीश साळवे लढले, १७ जुलै २०१९ ला निकाल आला आणि १८ तारखेला परराष्ट्रमंत्री जयशंकर संसदेत बोलले. तारखांमधलं अंतर बघा: एक-एक दिवस. सरकारला बोलायचं असतं तेव्हा उत्तर किती लवकर येऊ शकतं, हे यातून दिसतं.

मोसूलचं प्रकरण याहून अवघड होतं. जून २०१४ मध्ये इराकमध्ये ४० भारतीय मजुरांचं अपहरण झालं. सुटून आलेला एक जण सांगत होता की बाकीचे ३९ मारले गेले. स्वराज यांनी सभागृहात वारंवार सांगितलं की पुराव्याशिवाय मी कुणाला मृत म्हणणार नाही. २० मार्च २०१८ रोजी, डीएनए तपासणीनंतर, त्यांनी राज्यसभेत मृत्यूची घोषणा केली. कुटुंबांना ती बातमी दूरचित्रवाणीवरून कळली. आधी संसदेला सांगणं माझं कर्तव्य होतं, ही मंत्र्यांची भूमिका. संसदीय प्रथेप्रमाणे ती बरोबर होती. तरीही घरच्यांच्या आधी बातमी देशाला कळावी, हे मला पटत नाही. एक तास आधीचा एक फोन सभागृहाचा कुठलाच हक्क मोडत नव्हता.

देशांतर्गत प्रश्नांत मंत्र्याला आडोसे जास्त. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हा त्यातला सर्वात भक्कम. बेळगावचा सीमाप्रश्न आठवा. महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला, ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला, आणि अहवाल आला तेव्हा गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्राला नकोसा असलेला अहवाल, महाराष्ट्राचा गृहमंत्री, आणि सभागृहात राजापूरचे नाथ पै यांच्यासारखे खासदार. केंद्राने त्यावर निर्णय घेतला नाही, महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेव्हापासून संसदेतल्या प्रश्नाला न्यायालयाचं दार आडवं आलं. सदतीस वर्षं ‘विचाराधीन’ असलेला विषय न्यायप्रविष्ट झाला, एवढाच फरक सीमाभागातल्या माणसाला दिसला.

पैठणला जन्मलेले शंकरराव चव्हाण १९९१ ते १९९६ केंद्रीय गृहमंत्री होते. बाबरी मशीद, मुंबईच्या दंगली, मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट. यांतल्या प्रत्येक घटनेवर उत्तर द्यायला तेच उभे. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या संबंधांवरचा व्होरा समितीचा अहवाल १९९३ साली तयार झाला आणि सभागृहापुढे आला १९९५ साली, तोही मोजक्या पानांचा. त्याच काळात लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष होते आणि प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर दिसू लागला. एक मराठवाडी माणूस उत्तर देतोय, दुसरा खुर्चीवरून तास चालवतोय, आणि गावातली माणसं ते बघतायत. या भागाच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट होती.

इथे एक गोष्ट लक्षात येते, ती फारशी बोलली जात नाही. मंत्री सरकारला प्रश्न विचारत नाही. जालन्याचे रावसाहेब दानवे २०१९ ते २०२४ केंद्रात राज्यमंत्री होते, त्यातली शेवटची तीन वर्षं रेल्वे खात्यात. संभाजीनगरचे भागवत कराड २०२१ ते २०२४ अर्थ राज्यमंत्री. आपला माणूस मंत्री झाला याचा आनंद रास्त. पण त्या पाच वर्षांत जालना मतदारसंघाच्या नावावर एकही प्रश्न लागू शकत नव्हता. मंत्र्याला सांगून काम होतं, असं लोक म्हणतात. होतंही. पण सांगून झालेल्या कामाची नोंद पटलावर राहत नाही, आणि न झालेल्या कामाची तर कुठेच राहत नाही.

रेल्वेकडे वळू, कारण दौलताबादला ती जवळची. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर संभाजीनगरनंतर मनमाडच्या दिशेने दौलताबाद स्थानक लागतं. इथून वेरूळ, कन्नडमार्गे घाट उतरून चाळीसगावला जोडणारी रेल्वे व्हावी ही मागणी जुनी. सर्वेक्षणं झाली, मार्ग झाला नाही. कन्नडचा घाट अरुंद आणि धोक्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तो जड वाहनांना बंद झाला. म्हणजे खानदेश आणि मराठवाडा यांना जोडणारी रेल्वे नाही आणि रस्ताही अपुरा. रेल्वे मंत्रालयाची नव्या मार्गांवरची उत्तरं एकदा सलग वाचावीत. त्यांत दोन वाक्यं हटकून भेटतात. पहिलं: रेल्वे प्रकल्प राज्यवार वा प्रदेशवार आखले जात नाहीत, विभागवार आखले जातात. दुसरं: नवा प्रकल्प मंजूर होणं परतावा, वाहतुकीचा अंदाज, तुटलेले दुवे, राज्य सरकार आणि खासदारांच्या मागण्या, सामाजिक-आर्थिक गरज आणि निधीची उपलब्धता यांवर अवलंबून असतं.

पहिल्या वाक्याचा परिणाम दौलताबादवर काय होतो ते बघा. दौलताबाद दक्षिण मध्य रेल्वेत, तिचं मुख्यालय सिकंदराबाद. चाळीसगाव मध्य रेल्वेत, तिचं मुख्यालय मुंबई. मधला घाट दोन्ही विभागांच्या कडेला, आणि कडेचं काम कुणाच्याच यादीत वर येत नाही. दुसऱ्या वाक्यात इतके निकष आहेत की कुठल्या निकषावर आपण नापास झालो हे उत्तरातून कळतच नाही. इथे चांगला प्रश्न म्हणजे ‘मार्ग कधी होणार’ हा नव्हे. सर्वेक्षण कुठल्या वर्षी झालं, खर्च किती धरला, परताव्याचा दर किती निघाला, तो काढताना वेरूळची पर्यटक वाहतूक धरली होती का, आणि घाट बंद झाल्यानंतर तो पुन्हा काढला का, हे विचारायला हवं. यातला प्रत्येक भाग आकडा मागतो किंवा ‘होय-नाही’ मागतो. मोघम वाक्याला तिथे जागा उरत नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्गाच्या दुसऱ्या मागणीला, म्हणजे मनमाड-परभणी दुहेरीकरणाला, दोन टप्प्यांत मंजुरी मिळाली. संभाजीनगर-परभणी टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये होकार दिला. पाठपुरावा तुटला नाही की हालचाल होते, हे इथे अनुभवाला आलं आहे.

किल्ल्याचंही तसंच. स्मारकं सुस्थितीत आहेत, जतन ही निरंतर प्रक्रिया आहे, गरज आणि निधी पाहून कामं होतात, असं संस्कृती मंत्रालयाचं नेहमीचं उत्तर. एप्रिल २०२५ मध्ये किल्ल्यावर आग लागली आणि डोंगरावर धूर दिसला. ‘सरकारने काय पावलं उचलली’ असं विचारलं तर ते ठरलेलं उत्तर मिळणारच. किल्ल्यावर मंजूर पदं किती, भरलेली किती, वाळलेलं गवत शेवटचं कधी काढलं, वर पाणी पोचवायची सोय काय, तिकिटाचं उत्पन्न किती आणि त्याच वर्षी जतनावर खर्च किती, असं विचारलं तर मंडळ कार्यालयाला कागद उघडावे लागतात. दिल्ली दरवाज्याच्या बाबतीत कायद्याची गाठही आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट आली. केंद्राच्या सार्वजनिक कामांना या बंदीतून वाट देणारं विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि त्याचा कायदा झाला नाही. मला व्यक्तिशः ती सरसकट सूट नको वाटते; तट वाचवून बाहेरून रस्ता काढणं हाच मार्ग आहे. पण तो कुठून काढायचा याचा निर्णय दोन मंत्रालयांनी एका टेबलावर बसून घ्यायचा आहे, आणि दोघांना वेगवेगळ्या वारी विचारून तो होणार नाही. याला उपाय नियमांतच आहे: उत्तर अपुरं वाटलं तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. ती फार कमी वेळा मागितली जाते.

महाराष्ट्राचे खासदार प्रश्न विचारण्यात देशात पुढे असतात. सोळाव्या लोकसभेत सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्यांत सुप्रिया सुळे, धनंजय महाडिक, हिंगोलीचे राजीव सातव अशी एकापाठोपाठ एक मराठी नावं होती. अभिमान वाटतो. पण एकाच प्रश्नावर दहा-बारा खासदारांची नावं एकत्र छापलेली दिसतात, तेव्हा संख्या मोजून काय कळलं असा प्रश्नही पडतो. या व्यवहाराला डागही लागले आहेत. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना संसदेने काढलं. त्यांत जळगाव आणि एरंडोल या आपल्या शेजारच्या मतदारसंघांचे दोन खासदार होते. डिसेंबर २०२३ मध्ये महुआ मोइत्रा यांची खासदारकी गेली ती प्रश्न भरायच्या पोर्टलचं लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या आरोपावरून. आणि तासाचं काय? २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचं कारण देऊन तो वगळला गेला, फक्त लेखी उत्तरं राहिली. एरवी तो गोंधळात जातो. सतराव्या लोकसभेत ठरलेल्या वेळेपैकी सुमारे ६० टक्के वेळच हा तास चालला. तास बंद पाडून सरकारची अडचण होते असं विरोधकांना वाटतं. अडचण होत नाही, सुटका होते. १९५७ साली फिरोज गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांवर मंत्र्याला पुरवण्या विचारून विचारून घेरलं, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. ते साधलं ते तास चालल्यामुळे.

राज्याच्या वाट्याचे तुकडे विधानसभेत विचारायचे. तिथली सोय म्हणजे सगळं मराठीत. प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असा सुरू होतो, उत्तर ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ असं येतं, आणि खालच्या उपप्रश्नांना अनेकदा ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिला भाग ज्या शब्दांत लिहिला त्यातली एक चूक मंत्र्याला ‘खरे नाही’ म्हणायला पुरते आणि मग बाकीचं सगळं कोसळतं. दिल्ली दरवाज्याच्या कोंडीवर विचारताना तारीख आणि जागा अचूक लिहिण्याचं कारण हेच. राज्य आणि केंद्र यांच्यामध्ये पडलेला मोठा विषय म्हणजे मराठवाडा वैधानिक विकास मंडळ. १९९४ साली आलेल्या या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मुंबईत विचारलं की विषय दिल्लीकडे जातो, दिल्लीत विचारलं की मुंबईकडे. एकाच आठवड्यात दोन्ही सभागृहांत तोच प्रश्न लावून दोन्ही उत्तरं शेजारी छापण्याचं काम इथल्या वर्तमानपत्रांनी करावं.

केंद्राची उत्तरं इंग्रजीत आणि हिंदीत असतात. ती संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतात. मराठीत ती गावात पोचतात ती बातमीच्या दोन ओळींतून. खासदाराच्या कार्यालयाने आपल्या जिल्ह्याशी संबंधित प्रत्येक उत्तराचं मराठी रूप आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं, तर दौलताबादच्या दुकानदारालाही कळेल की त्याच्या दारातल्या रस्त्याबद्दल मंत्र्याने नेमकं काय कबूल केलं आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात हे तत्त्व घातलं गेलं होतं, की जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये. प्रश्न खासदाराचा, पण उत्तरावर हक्क सगळ्यांचा.

आणि कबूल केलेल्या गोष्टीचा हिशेब ठेवणारी व्यवस्था संसदेकडे आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’ अशा वाक्यांची एक ठरलेली यादी आहे. मंत्र्याने त्यातलं वाक्य उच्चारलं की ते शासकीय आश्वासन म्हणून नोंदलं जातं. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून काम करते, राज्यसभेची १९७२ पासून. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नाही झालं तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते किंवा ते वगळण्याची विनंती करावी लागते, आणि समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारू शकते. लोकसभा विसर्जित झाली की अनेक कामं रद्द होतात, पण प्रलंबित आश्वासनं रद्द होत नाहीत. ती नव्या समितीकडे जातात. औरंगाबादने १९९९ पासून चंद्रकांत खैरे, मग इम्तियाज जलील, मग संदिपान भुमरे असे खासदार पाठवले. पक्ष वेगळे, माणसं वेगळी. एकाला मिळालेलं आश्वासन पुरं झालं का हे विचारायला दुसऱ्याला नियमांची कसलीही आडकाठी नाही.